विश्लेषण : कामावरून थकून आल्यावर अर्ध्या तासात जेवण… खान्देशी स्वयंपाकघराने हे गणित कसे सोडवले?

खिचडी-कढी, कळण्याची भाकरी, शेवभाजी ही खान्देशातील रात्रीची जेवणे झटपट होतात, कारण त्यांचे निम्मे काम आधीच झालेले असते. हे आधीचे काम कोण करते आणि कधी, यावर आता जळगाव-धुळ्यातील नोकरदार घरांची सायंकाळ ठरते आहे.

सायंकाळचा पेच काय आहे?

भुसावळचे रेल्वे जंक्शन, भुसावळ आणि वरणगाव येथील आयुध निर्माणी, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ मिल, पाइप आणि चटई उद्योग, धुळ्याजवळची अवधान औद्योगिक वसाहत. या ठिकाणी काम करणाऱ्या अनेकांचा दिवस पाळ्यांवर चालतो. त्याशिवाय शिक्षक, परिचारिका, बँक आणि सरकारी कार्यालयांतील कर्मचारी यांचा एक मोठा वर्ग रोज ‘अप-डाऊन’ करतो. भुसावळ ते जळगाव, चाळीसगाव ते धुळे, शिरपूर ते धुळे असा रेल्वेचा किंवा एसटीचा प्रवास करून घरी पोहोचेपर्यंत सात-साडेसात वाजतात. मुलांचा अभ्यास, उद्याच्या डब्याची तयारी, नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर ते भरणे, हे सगळे त्यानंतर. त्यातच रात्रीचे जेवण.

कामाचा दिवस पुढे आणखी लांबण्याची शक्यता आहे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत, तर दुकाने व आस्थापनांमध्ये ९ वरून १० तासांपर्यंत वाढवण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. दिवस लांबला, तर त्याचा पहिला फटका सायंकाळच्या स्वयंपाकाला बसतो.

आकडेवारी काय सांगते?

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ मध्ये देशभर ‘वेळ वापर सर्वेक्षण’ केले. घरच्यांसाठी केल्या जाणाऱ्या बिनपगारी कामांत, म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी यांत, ६ वर्षांवरील ८१.५ टक्के स्त्रिया आणि २७.१ टक्के पुरुष सहभागी असल्याचे त्यात दिसले. हे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात. काम न करणाऱ्यांनाही हिशेबात धरले, तर दरडोई सरासरी स्त्रियांची सुमारे २३५ मिनिटे आणि पुरुषांची सुमारे २४ मिनिटे येते.

याआधीच्या, २०१९ च्या सर्वेक्षणात काम करणाऱ्या स्त्रियांची सरासरी २९९ आणि पुरुषांची ९७ मिनिटे होती. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची १० मिनिटे कमी झाली, पण पुरुषांनी ती उचलली म्हणून नव्हे. पुरुषांचीही मिनिटे घटलीच.

दुसरीकडे, २०२३-२४ च्या घरगुती खर्च सर्वेक्षणानुसार देशातील शहरी कुटुंबांच्या मासिक खर्चापैकी सुमारे ११ टक्के रक्कम पेये, तयार आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांवर जाते. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे १० टक्के आहे. खाद्यपदार्थांच्या सर्व गटांमध्ये हाच गट खर्चात सर्वांत पुढे आहे. धान्य, दूध, भाजी हे गट त्याच्या मागे आहेत. सायंकाळी न झालेल्या स्वयंपाकाची किंमत काही अंशी या खर्चात दिसते.

खान्देशी स्वयंपाकाने वेळ कुठे वाचवला?

खान्देशी जेवण म्हटले की वरण-बट्टी, मांडे, घोटलेली वांग्याची भाजी आठवते. पण ती सणाची, पंगतीची जेवणे. रोजच्या रात्रीचे जेवण शेतीच्या दिवसातून घडलेले आहे. दिवसभर कपाशी वेचून किंवा निंदणी करून आलेल्या बाईला अंधार पडल्यावर चूल पेटवायची असे. त्या वेळी तासभर रांधणे शक्य नव्हते. म्हणून वेळखाऊ कामे आधी उरकून ठेवण्याची पद्धत बसली.

या पद्धतीचे तीन आधार आहेत : दळून ठेवलेले पीठ, कुटून ठेवलेला मसाला आणि उन्हाळ्यात करून ठेवलेले वाळवण. हे तिन्ही घरात असतील, तर सायंकाळी भाजी चिरण्यापासून ताट वाढण्यापर्यंत अर्धा तास पुरतो. एकही नसेल, तर तेच जेवण दीड तासावर जाते. नोकरदार घरांची अडचण इथेच आहे. सायंकाळ आखडली, पण त्याहून अधिक आखडली ती आधीची तयारी.

कळण्याच्या पिठात विशेष काय?

ज्वारीत अख्खे काळे उडीद आणि थोडे मीठ घालून दळलेले पीठ म्हणजे कळणे. काही घरांत मेथीदाणेही घालतात. प्रमाण घरोघरी बदलते, पण चार भाग ज्वारीला एक भाग उडीद हे अनेकांचे माप. या पिठाची भाकरी असली की सोबत भाजी नसली तरी चालते. ठेचा, कच्चे तेल आणि चिरलेला कांदा पुरतो. कांद्याच्या पातीचा दाण्याचा कूट घातलेला घोळाणा असेल तर आणखी उत्तम.

यामागे पोषणाचे कारण आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळी-कडधान्यांत ते भरपूर असते, मात्र त्यांत मिथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. म्हणजे वेगळे वरण शिजवण्याचे काम दळतानाच अर्धे झालेले असते.

अडचण एकच, हे पीठ फार दिवस टिकत नाही. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याला विरी जाते. भाकरी थापताना कडा फाटतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा देणारा ग्लुटेन नसतो. गरम पाण्याने पिठातील पिष्ट चिकट होते आणि त्यावरच भाकरी तुटत नाही. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ त्याहून लवकर कडू होते. म्हणून दहा-पंधरा दिवसांना पुरेल एवढेच दळण आणणे शहाणपणाचे. उरलेले पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवले तर काही दिवस अधिक जातात.

खरा वेळ भाजीला लागतो की भाकरीला?

सायंकाळच्या स्वयंपाकाचा हिशेब मांडला, तर उत्तर भाकरी असे येते. पीठ मळणे, थापणे, तव्यावर पाणी फिरवणे, उलटणे आणि आचेवर फुगवणे यात एका भाकरीला साधारण तीन मिनिटे जातात. चार माणसांच्या घरात आठ भाकरी म्हणजे पंचवीस मिनिटे गॅससमोरून हलता येत नाही. गिलके, मेथी किंवा वांग्याची भाजी त्या वेळात शेजारच्या शेगडीवर होऊन जाते. मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा ही पंचवीस मिनिटेच सर्वांत जड असतात.

अनेक घरांत रात्रीची खिचडी का रुळली, हे यावरून कळते. तांदूळ आणि तूरडाळ दोनास एक या मापाने घेऊन हळद, तिखट, मीठ, लसूण आणि शेंगदाणे घातले की कुकर आपले काम करतो. कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते, म्हणून उघड्या भांड्यात पाऊण तास घेणारी तूरडाळ काही शिट्ट्यांत शिजते. डाळ पंधरा-वीस मिनिटे आधी भिजवली, तर गॅसही वाचतो. कुकर थंड होईपर्यंत ताकाची कढी होते आणि पापड भाजले जातात. वरून लसूण-मिरचीच्या फोडणीचे किंवा नुसते कच्चे तेल घेतले की जेवण पूर्ण. गॅसजवळ उभे राहण्याचा वेळ दहा-बारा मिनिटांवर येतो. थकलेल्या माणसासाठी एकूण वेळेपेक्षा हा उभे राहण्याचा वेळ महत्त्वाचा आहे.

शेवभाजी घरी पटकन का जमत नाही?

धुळे-जळगावच्या महामार्गांवरील ढाब्यांवर शेवभाजी पाच-दहा मिनिटांत समोर येते. ती घरी करायला गेले की पाऊण तास जातो. फरक शेवेत नाही, वाटणात आहे. कांदा आणि सुके खोबरे काळपट होईपर्यंत भाजणे, त्यात आले, लसूण, कोथिंबीर घालून बारीक वाटणे, मग ते तेल सुटेपर्यंत परतणे यालाच पाऊण तासातील बहुतेक वेळ लागतो. ढाब्यावर ते सकाळीच झालेले असते. सायंकाळी फक्त रस्सा उकळायचा आणि वाढताना शेव सोडायची.

हाच क्रम घरीही पाळता येतो. सुटीच्या दिवशी वाटण करून, पाणी न घालता तेलात नीट परतून ठेवले, तर ते फ्रीजमध्ये तीन-चार दिवस आणि छोट्या वाट्यांत गोठवले तर त्याहून अधिक टिकते. मग गरम पाणी, काळा मसाला, तिखट आणि मीठ घालून पंधरा मिनिटांत रस्सा तयार होतो. त्यात एके दिवशी शेव, दुसऱ्या दिवशी उकडलेली अंडी, तिसऱ्या दिवशी बेसनाचे डुबुकवडे सोडता येतात. शेव मात्र जाड आणि तिखट, रस्स्यासाठीचीच हवी. भेळेची बारीक शेव लगेच विरघळते.

काळा मसाला हाही पूर्वतयारीचाच भाग. धणे, खोबरे, तीळ, दगडफूल, तमालपत्र, लवंग, मिरी आणि मिरची भाजून तो उन्हाळ्यात वर्षभरासाठी कुटला जातो. नंदुरबार आणि दोंडाईचा ही मिरचीची मोठी बाजारपेठ जवळ असल्याने एकदम मिरची घेऊन कांडप केंद्रावर मसाला करून आणण्याची पद्धत अजून टिकून आहे.

वाळवणाचे काय होणार?

तिसरा आधार सर्वांत डळमळीत झाला आहे. ज्वारी भिजवून, आंबवून, पीठ शिजवून पातळ थापलेले बिबडे, उडदाचे आणि नागलीचे पापड, कुरडया, शेवया, मुगाचे वडे हे सारे फाल्गुनापासून आखाजीपर्यंत होत असे. त्याची एक सामाजिक घडी होती. आज एका घराचे पापड, उद्या दुसऱ्या घराचे, असे गल्लीतील बायका एकमेकींकडे लाटायला जात. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी जाताना डबे भरून नेत.

या डब्यांतील मुगाचे वडे हे रात्रीच्या जेवणाचे हुकमी साधन. थोड्या तेलात परतून रस्स्यात सोडले की वीस मिनिटांत भाजी. घरात भाजीपाला नसला तरी अडत नाही. पण दुपारच्या उन्हात गच्चीवर राबायला ज्यांना वेळ होता, त्यांतील अनेक जणी आता नोकरीवर असतात. फ्लॅटमध्ये गच्ची सामाईक, शेजारणीही कामावर. त्यामुळे वाळवण विकत घेतले जाते.

यातून रोजगारही उभा राहिला आहे. ‘उमेद’ अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ यांच्याशी जोडलेल्या बचत गटांच्या विक्रीत पापड, कुरडया, मसाले यांचा वाटा ठळक असतो. केंद्राच्या २०२० मधील सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत अशा उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. घरात फुकट धरले जाणारे काम बाजारात गेले की त्याला दर मिळतो. घरातही त्याची किंमत होती, फक्त कोणी मोजत नव्हते.

आधी शिजवून ठेवणे सुरक्षित आहे का?

पीठ, मसाला, वाळवण कोरडे असल्याने टिकते. शिजवलेल्या अन्नाचा नियम वेगळा. शिजवलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, फ्रीजचे तापमान पाच अंशांखाली असावे आणि पुन्हा गरम करताना ते पूर्ण वाफाळले पाहिजे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाहेर ३२ अंशांवर तापमान असेल, तर अमेरिकेचा कृषी विभाग ही मर्यादा एका तासावर आणतो. खान्देशात वर्षातील बरेच महिने हीच स्थिती असते.

भात आणि खिचडीबाबत विशेष काळजी हवी. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात. भात तासन् तास गरम हवेत राहिला, तर ते वाढून विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून सकाळी केलेला भात ओट्यावर ठेवून रात्री फोडणीला टाकणे धोक्याचे. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर थंड करून फ्रीजमध्ये ठेवावा. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे तयारी आधी आणि शिजवणे ऐनवेळी. लसूण सोललेला, दाण्याचा कूट केलेला, मेथी निवडलेली आणि वाटण तयार असले, की शिळे अन्न साठवण्याची गरज उरत नाही.

बाहेरून आणणे वाईट आहे का?

सगळेच नाही. हिवाळ्यात जळगावमध्ये भरीत किलोवर विकत मिळते. पांढरट हिरव्या रंगाच्या या वांग्याला, ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाने, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कपाशीच्या काड्यांवर भाजून, ठेचून, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालून केलेले भरीत फ्लॅटच्या गॅसवर तसे होत नाही. ते बाहेरून आणून घरी कळण्याच्या भाकरी केल्या, तर काम निम्म्यावर येते आणि जेवणही कसदार राहते. पोळी-भाकरी केंद्रातून भाकरी आणून घरी भाजी करणे हाही तसाच मधला मार्ग.

सावध राहायचे ते मिठाबाबत. प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. शेव, पापड, लोणचे, ठेचा हे सगळे एकाच ताटात आले, की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. रक्तदाब असलेल्या घरांत शेवभाजीच्या रस्स्यात मीठ कमी घालून शेवेच्या मिठाचा हिशेब धरावा आणि त्या दिवशी पापड टाळावा.

मग भार कोणावर?

भाकरी केंद्रावर दिवसभर भाकरी थापणारी बाई आणि बचत गटात पापड लाटणारी बाई, दोघीही सायंकाळी स्वतःच्या घरी जाऊन पुन्हा चुलीपुढे किंवा गॅससमोर उभ्या राहतात. काम एका घरातून दुसरीकडे सरकले, तरी ते बहुतेक वेळा बाईकडेच राहते. सून नोकरीला लागली की सासूकडे जाते, सासू थकली की मोलाने येणाऱ्या मावशींकडे.

खान्देशी पद्धतीतील कामांची यादी पाहिली, तर त्यातील बरीच कामे शिकायला एक सायंकाळही पुरेशी आहे. दळण आणणे, डाळ भिजवणे, कुकर लावणे, लसूण सोलणे, पापड भाजणे, वाटण मिक्सरमधून काढणे, जेवणानंतर भांडी घासणे. भाकरी थापायला सराव लागतो, एवढे मान्य. पण आठवड्यातील दोन रात्री खिचडीच्या आणि एक विकतच्या भाकरीची ठरवली, तर थापण्याचा प्रश्न उरतो तो चार रात्रींचा. सुटीच्या दिवशीचा तास-दीड तास वाटण, कूट आणि भाजी निवडण्यासाठी घरातील सगळ्यांनी मिळून दिला, तर त्या चार रात्रीही हलक्या होतात.

पूर्वी ही पूर्वतयारी गल्लीतील दहा बायका मिळून करत. आता गल्ली नाही आणि दहा जणीही नाहीत. घरात जेवायला बसणारे तीन-चार जण मात्र आहेत. अर्ध्या तासाचे खान्देशी जेवण यापुढे घरी शिजणार की पार्सलने येणार, हे त्यांनी ही तयारी किती वाटून घेतली यावरच अवलंबून आहे.